चौदा नातेवाईक आणि एक उघडा ट्रेलर

"खरं वजन सांगा, भावजी. लग्न ठरवताना सांगितलं होतं ते नको."

"बासष्ट."

"किलो?"

"नाही, तोळे! काय गं, चारचौघांत असं विचारतात होय?"

"चारचौघं कुठली? सगळे घरचेच तर आहेत. ह्यांना विचारलं, ह्यांनी गुमान सांगितलं. अठ्ठ्याहत्तर. ह्यांचं काय झडलं का त्यात?"

"त्याला काय, तो तुझ्या हाताखालचा माणूस. मला समाजात वावरायचंय."

"लिहिते मग बासष्ट," आत्या म्हणाली. वहीत बासष्ट लिहिलं आणि पेन्सिल कानामागं खोचून भावजींच्या पोटाकडं एकवार बघितलं. पोट शर्टाच्या दोन बटणांना जिवावर उदार करून बसलं होतं. भावजींनी श्वास आत ओढला आणि चहा होईपर्यंत तसाच धरून ठेवला.

भावजी म्हणजे आत्याचे थोरले दीर. आत्या म्हणते म्हणून सगळं घरच त्यांना भावजी म्हणतं. आणि आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वय चोपन्न, मनगटं सुतारासारखी, बोलणं पत्र्यावर खडे ओतल्यासारखं. तिचा धंदा गाड्या ओढायचा. बंद पडलेली गाडी गॅरेजात पोचव, विकलेली गाडी नव्या मालकाच्या दारात उतरव. पुढं जीप, मागं उघडा ट्रेलर, ट्रेलरवर गाडी, आणि जीपमध्ये शेजारी आतोबा, म्हणजे तिचा नवरा. त्यांचं काम दिवे लागतात का ते बघायचं आणि वाटेत हो ला हो म्हणायचं. तिला सगळे ओढकरीण म्हणतात. कुणी मानानं म्हणतं, कुणी चेष्टेनं. ती दोघांनाही सारखीच ओ देते.

त्या शनिवारी तिच्या स्वयंपाकघरात आम्ही चौदा जण कोंबलेलो होतो, आणि आत्या एकेकाचं वजन लिहून घेत होती. का, ते कळायला दोन महिने मागं जावं लागेल. तेव्हा ट्रेलरनं तिला ओव्हरटेक केलं होतं.

झालं होतं असं. दातांच्या डॉक्टरांची पांढरी गाडी बंद पडली होती आणि तिचं स्टिअरिंग अडकलं होतं. सरळ चढवता येईना म्हणून आत्यानं ती उलटी ओढून ट्रेलरवर घेतली. इंजिन गेलं मागं. गाडी तिनं ट्रेलरला अशी आवळून बांधली की भूकंपातही हलली नसती. ट्रेलर मात्र जीपला नुसत्या एका खटक्यावर टेकवलेला, आडव्या साखळ्या नाहीत, काही नाही. तो ट्रेलर ओळखीच्या वेल्डरनं एका मोडक्या मळणीयंत्राच्या धुऱ्यावर, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्यावर, बनवून दिलेला होता.

भार मागं जास्त होऊन नाक वर उचललं गेलं की आमच्याकडं त्या गाडीला उलाळ म्हणतात. बैलगाडीपासूनचा शब्द आहे. शिकलेली माणसं एवढंच सांगायला तीन ओळी आणि एक आकृती घेतात, आम्ही तीन अक्षरांत भागवतो. तर त्या दिवशी ट्रेलर उलाळ झाला. मोठ्या उतारावर शेळ्या आडव्या आल्या, आत्यानं ब्रेक दाबला, खटका सुटला आणि ट्रेलरनं मान वर केली. आत्याला आरशात दिसलं ते एवढंच, की मागून कुणीतरी अंगावर येतंय.

"आंधळा आहेस का रे मेल्या!" म्हणून तिनं हॉर्न दाबला आणि जीप बाजूला घेतली.

शेजारून ट्रेलर गेला. नाक आभाळाकडं, शेपूट रस्त्याला घासतंय, ठिणग्या उडतायत.

"केवढी घाई बघ लोकांना," आतोबा म्हणाले, "आणि तोरा किती!"

"थांबा, नंबर बघते त्याचा," आत्या म्हणाली. ट्रेलरच्या फळीवर रंगवलेला फोन नंबर तिनं मोठ्यानं वाचला. शेवटच्या तीन आकड्यांवर तिचा आवाज बारीक झाला. "अहो, हा तर माझाच नंबर."

शेळ्या शहाण्या, त्या आधीच बांधावर चढल्या होत्या. ट्रेलर रस्त्याकडेच्या वाळूच्या ढिगात घुसला आणि थांबला. डॉक्टरांच्या गाडीवर ओरखडा नाही. पण उतारावरचा चहावाला ते बघत होता, आणि त्याच्या टपरीवर दिवसातून गावची दोनशे माणसं टेकतात. संध्याकाळपर्यंत गोष्ट आत्याच्या आधी घरी पोचली. मग गॅरेजवाले तोंडावर हसायचे आणि काम दुसऱ्याला द्यायचे. "ओढकरीण, आज कुणाला पुढं जाऊ दिलंत?" असं रस्त्यात विचारायचे. दोन महिन्यांत तिच्या वाट्याला ओढायला एक गाडी आली नाही.

माझे वडील शिंपी. जीप आजोबांची, म्हणून बहीणभाऊ दोघांच्याही नावावर. वडील वाईट माणूस नाहीत, पण कापड बेतावं तसं माणसाचं आयुष्य बेतायची त्यांना खोड आहे. ते म्हणाले, "अक्का, पुरे झालं. ह्या महिन्याअखेर काम मिळालं नाही तर जीप विकू. तू दुकानात येऊन बस. काज-बटणं कर. सावलीत काम, बसून काम, आणि बटण सुटलं तरी कुणाला ओव्हरटेक करत नाही." शिवाय त्यांनी दुकानात तिच्यासाठी एक स्टूलही आणून ठेवलं, त्यावर फुलाफुलांची उशी. आत्या रोज दुकानावरून जाताना त्या उशीकडं अशी बघायची, जसं कुणी आपल्याच मापाच्या खड्ड्याकडं बघावं.

महिना संपायला चार दिवस होते, तेव्हा हौशीसाहेबांचा फोन आला. हौशीसाहेब म्हणजे जुन्या गाड्या जमवणारा माणूस. नऊ गाड्या, नऊही चादरीखाली झाकलेल्या, लेकरासारख्या. प्रदर्शनांना दर महिन्याला दुसऱ्या शहरात न्यायच्या असतात, आणि त्यांचा नेहमीचा ओढणारा म्हातारपणामुळं घरी बसला होता.

"तुमची गोष्ट ऐकलीय मी," ते म्हणाले.

"कुणी नाही ऐकली?" आत्या म्हणाली.

"गाडीला ओरखडा नव्हता म्हणे."

"गाडी मी बांधली होती. ट्रेलर वेल्डरनं बांधला होता."

फोनवर ते थोडं हसले. मग म्हणाले, "रविवारी ट्रेलरच्या यार्डात या. तिथं तीन उघडे ट्रेलर विकायला आहेत. तुम्ही एक निवडा. मी शेजारी उभा राहून बघेन. निवड पटली तर ट्रेलर मी घेऊन देतो, आणि माझ्या नऊही गाड्या ओढायचं काम तुमचं. पण एक सांगतो, नुसता ट्रेलर तपासायला म्हणून माझी गाडी मी त्यावर चढू देणार नाही. माझी छोटी निळी गाडी कागदावर नऊशे किलो आहे. तेवढा भार तुमचा तुम्ही आणा."

नऊशे किलो आणायचे कुठून? वाळूची पोती आणली तर यार्डवाला फळ्या खराब होतात म्हणून ओरडणार. दगड आणले तर चढवायचे कुणी? आत्यानं रात्रभर विचार केला नाही, तिला झोप चांगली लागते. सकाळी उठून तिनं ठरवलं, की स्वतःच्या पायानं चढतो, स्वतःच उतरतो आणि चहावर चालतो असा भार एकच. नातेवाईक.

म्हणून ती वही. आतोबा जीपमध्ये लागणार म्हणून त्यांचा आकडा खोडला, उरलेल्या चौदा जणांची बेरीज बरोब्बर नऊशे भरली. आत्यानं कागदावर ट्रेलर काढला, सात जण पुढच्या भागात लिहिले, सात मागच्या. गाडीचं इंजिन पुढं असतं, म्हणून पुढचा गट जड हवा. पुढं आम्ही पंचविशीतले सगळे भाचे-पुतणे, रोज व्यायामशाळेत जाणारे. आम्ही वहीत सांगितलेले आकडे मिळून पाचशे वीस. मागं भावजी, त्यांची बायको म्हणजे आत्याची जाऊ, माझी आई, वडील आणि तीन पाहुण्या मावश्या. वहीप्रमाणं तीनशे ऐंशी.

"म्हणजे आम्ही कोण?" जाऊबाईंनी विचारलं.

"तुम्ही डिकी."

"थोरल्या जावेला डिकीत घालतेस?"

"वजन चोपन्न सांगितलंत ना? चोपन्न किलोचं इंजिन मी कुठं बघितलं नाही."

जाऊबाईंनी पदर सारखा केला. चोपन्न सांगून चूक केली हे त्यांच्या चेहऱ्यावर आलं, पण बाईनं आकडा मागं घेतला नाही.

रविवारी सकाळी यार्डात आम्ही उतरलो तेव्हा यार्डवाल्याला वाटलं मोर्चा आलाय. पांढऱ्या चपला घातलेला, हातात किल्ल्यांचा जुडगा, प्रत्येक वाक्यानंतर तो जुडगा वाजवायचा. यार्डात एका बाजूला भंगार, दुसऱ्या बाजूला ट्रकचा वजनकाटा, त्याच्या खोलीच्या खिडकीवर लाल आकडे लकाकत होते. मधे तीन ट्रेलर. हौशीसाहेब त्यांच्या निळ्या गाडीला टेकून उभे, बुटक्या बांध्याचे, खिशात एक छोटी वही. हीही वही बघून भावजी दचकले.

"हा बघा," यार्डवाला पहिल्या ट्रेलरवर हात ठेवून म्हणाला, "मालाचा राजा." तो ट्रेलर चंदेरी, हलका, एकाच धुऱ्यावर, असा चकचकीत की मावश्यांनी त्यात बघून केस सारखे केले. दुसऱ्याची फळी तिरकी होणारी होती, पण तिचा दांडा आत्यानं एकदा दाबला तर हातातच आला. तो तिनं यार्डवाल्याच्या हातात ठेवला आणि पुढं गेली. तिसरा लांब, दोन धुऱ्यांचा, लाकडी फळ्यांचा, रंग पोपडे धरलेला. त्याच्याजवळ उभं राहायलासुद्धा कुणी तयार नव्हतं.

आत्या सरळ त्या तिसऱ्याखाली शिरली. वीस मिनिटं फक्त तिचे पाय दिसत होते. आतून पाना ठोकल्याचा आवाज यायचा, मग शांतता, मग "हं." आतोबा शेजारी उकिडवे बसून ती मागेल ते देत होते. बाहेर आली तेव्हा केसांत गंज आणि चेहऱ्यावर हसू.

"स्प्रिंगचे पाटे जाड आहेत. सांधे भरून जोडलेत, नुसते चिकटवले नाहीत. चारही चाकांना ब्रेक आहेत," ती हौशीसाहेबांना म्हणाली. "आणि ही तार बघा. ट्रेलर जीपपासून सुटला तर ही ओढली जाते आणि ह्याचे ब्रेक ह्याचे हा लावतो."

"त्या चंदेरीला?" हौशीसाहेबांनी विचारलं.

"त्याला चकाकी आहे."

हौशीसाहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. यार्डवाल्यानं जुडगा वाजवला नाही.

आत्यानं पोपड्यांचा ट्रेलर जीपला जोडला. जीपच्या मागच्या बंपरची उंची मोजली, जमिनीपासून तीन विती. भार नीट चढला तर बंपर तीन बोटं खाली यायला हवा. म्हणजे नाकावर योग्य ओझं आलं, ट्रेलर डोलणार नाही, मान वर करणार नाही. तिनं खडूनं फळ्यांवर चौदा चौकोन काढले. आम्ही चढलो. फळ्यांवरच्या लोखंडी कड्यांना धरून मांडी घालून बसलो, पुढं आम्ही छाती काढून, मागं मोठी मंडळी पोट आत घेऊन.

आत्या खाली वाकली. मोजलं. परत मोजलं. मग हौशीसाहेबांकडं न बघता तिसऱ्यांदा मोजलं.

बंपर खाली आला नव्हता. दोन बोटं वर गेला होता.

"उलाळ," ती पुटपुटली. वहीत सगळं बरोबर होतं. म्हणजे ट्रेलरच वाईट, धुरे चुकीच्या जागी. म्हणजे ज्याच्यासाठी ती वीस मिनिटं गंजात लोळली तोच तिला पुन्हा वाळूत नेणार होता.

"मी काय म्हणत होतो?" यार्डवाल्याचा जुडगा पुन्हा वाजायला लागला. "चंदेरी घ्या, बाई. लोखंडात जीव अडकवू नका."

माझ्या वडिलांनी डिकीतून हाक मारली, "अक्का, जाऊ दे. दुकानात उशी आहे."

ते ऐकून आम्ही पुढच्या तिघांनी, आता संपलं असं समजून, टुणकन खाली उडी मारली.

पुढचा भार गेला. ट्रेलरचं शेपूट धपकन जमिनीला टेकलं, जीपचं मागचं अंग उचललं गेलं, आणि अख्खी डिकी फळ्यांवरून घसरत, एकमेकांना धरत, "अगं बाई, अगं बाई" करत मागच्या जुन्या टायरांच्या ढिगात जाऊन बसली. सगळ्यांत खाली भावजी. त्यांच्यावर जाऊबाई. त्यांच्यावर माझे वडील, गळ्यातली मापाची फीत डोळ्यांवर. कुणाला लागलं नाही. आधी एक मावशी हसली, मग दुसरी, मग ढिगाच्या तळातून भावजींचं हसू यायला लागलं, आणि त्या हसण्यात त्यांनी ट्रेलरवर चढल्यापासून धरून ठेवलेला श्वास सोडला. शर्टाची दोन्ही बटणं उडाली. एक यार्डवाल्याच्या पायाशी पडलं.

आत्या हसली नाही. ती भावजींच्या सुटलेल्या पोटाकडं बघत होती. मग तिनं आम्हा पुढच्या पोरांकडं बघितलं, आमच्या काडीसारख्या मांड्यांकडं, आणि वही उघडली.

"थांबा," ती म्हणाली. "ट्रेलर कशाला खोटं बोलेल? त्याला कुठं समाजात वावरायचंय?"

तिनं वही काखेत मारली आणि काट्याकडं बोट केलं.

"सगळ्यांनी वजनकाट्यावर चला. एकेक करून."

मग जो गोंधळ झाला तो काय सांगावा! एका मावशीला अचानक चक्कर आली, ती चक्कर काट्याच्या उलट्या दिशेला चालत गेली. माझी आई म्हणाली, तिच्या चपला जड आहेत. भावजी म्हणाले, ट्रक तोलायच्या काट्यावर माणूस चढणं म्हणजे माणसाचा अपमान आहे. जाऊबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "इतक्या परक्या पुरुषांसमोर माझा आकडा लागला ना, तर तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाही. सांगून ठेवते."

आणि हे त्या खरंच करणाऱ्यातल्या होत्या. आत्याला ते माहीत होतं. एका बाजूला जाऊ, दुसऱ्या बाजूला धंदा. हौशीसाहेबांनी घड्याळ बघितलं.

आत्यानं पेन्सिलीनं डोकं खाजवलं. मग म्हणाली, "एकेक नको. सगळी डिकी एकदम चढा. मग सगळं इंजिन एकदम. आकडा गटाचा येईल. कुणाचं किती ते देवाला ठाऊक, आणि मी त्याला विचारणार नाही."

डिकीनं आपसात बघितलं. सात जणांत विभागलं की पाप हलकं होतं, हे सगळ्यांना पटलं. ते सात जण काट्यावर एकमेकांना चिकटून उभे राहिले. खिडकीवरचे लाल आकडे धावले आणि थांबले.

पाचशे साठ.

"वहीत तीनशे ऐंशी," आत्या वाचून दाखवत म्हणाली. "एकशेऐंशी किलो कुठं ठेवले होते, गड्यांनो? सात जणांत मिळून तुम्ही अडीच माणसं लपवलीत!"

मावश्या हसून हसून खाली बसल्या. जाऊबाईंनी भावजींकडं बोट केलं, भावजींनी वडिलांकडं, वडिलांनी मापाच्या फितीकडं. त्यांची चेष्टा करत आम्ही पुढची पोरं ऐटीत काट्यावर चढलो. चारशे पन्नास. वहीत पाचशे वीस.

"आणि हे पैलवान बघा!" भावजी किंचाळले. "ह्यांनी एक माणूस जास्तीचा जन्माला घातला!"

ते खरं होतं. व्यायामशाळेत जाऊन वजन वाढत नाही हे घरी सांगायची लाज वाटते. माझे स्वतःचे त्यात बारा किलो होते.

हौशीसाहेबांनी डोळे पुसले. यार्डवाला काट्याच्या खोलीच्या दाराला धरून हसत होता. आत्याचं गणित मात्र चालू होतं. "तोंडानं नऊशे, काट्यावर हजार दहा. आणि सगळं जास्तीचं मागं. मग कुठला ट्रेलर मान खाली ठेवील? चला, अदलाबदल. डिकी पुढं, इंजिन मागं."

जाऊबाई आपण होऊन सगळ्यांत पुढच्या चौकोनात जाऊन बसल्या. "बघा," त्या भावजींना म्हणाल्या, "मी इंजिन." भावजी त्यांच्या शेजारी बसले आणि पोट बाहेर सोडून निवांत झाले.

आत्यानं मोजलं. बंपर तीन बोटं खाली.

तिनं यार्डात सावकाश दोन फेऱ्या मारल्या. ट्रेलर डोलला नाही. मग तिनं हाक दिली, "कडी घट्ट धरा! आता मी ह्याला सुटल्यासारखं करणार आहे." चालत्या माणसाच्या वेगानं जीप नेत तिनं आतोबांना ती तार ओढायला सांगितली. आतोबांनी, आयुष्यात पहिल्यांदा, हो म्हणण्याआधी काम केलं. ट्रेलरनं जागच्या जागी पाय रोवले. चारही चाकं गप्प. आम्ही चौदा जण एकमेकांच्या पाठीत तोंड घालून "ओ!" केलं, आणि मावश्यांनी पुन्हा एकदा करायची मागणी केली. तीन वेळा केलं. तिसऱ्यांदा यार्डातली बाकीची गिऱ्हाइकंही टाळ्या वाजवत होती.

"आता चंदेरी," आत्या म्हणाली. आमच्यातलं कुणी जागचं हललं नाही. "बरोबर आहे. घरची माणसं एवढी वाया घालवायची नाहीत." ती यार्डवाल्याकडं वळली. "तुम्ही त्याची एवढी स्तुती केलीत, तुम्हीच बसा. मी ओढते. त्या उतारापर्यंत जाऊन येऊ, आणि उतारावर खटका काढू."

"मला कंबरेचं दुखणं आहे."

"बसूनच जायचंय."

"डॉक्टरांनी बसायला मनाई केलीय."

"मग झोपा."

यार्डवाल्यानं किल्ल्यांचा जुडगा खिशात घातला. "तो पोपड्यांचाच घ्या, बाई," तो म्हणाला. "खरं सांगायचं तर तो चांगला आहे. कुणी बघतच नाही त्याच्याकडं, म्हणून मीही सांगत नाही."

हौशीसाहेब पुढं आले. त्यांनी स्वतःची वही बंद केली. "माझी निवड झाली," ते म्हणाले. "चढवा निळी गाडी. कागदावर नऊशे किलो, आजच पहिली खेप."

आम्ही आनंदानं ओरडायला तोंड उघडलं, तर आत्या म्हणाली, "थांबा, साहेब. कागद नको. काट्यावर घाला."

"अहो, कंपनीचा कागद आहे."

"भावजींकडंही कागद असेल एखादा."

हौशीसाहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ती लाली ओळखायला आम्ही आता सरावलो होतो. त्यांनी निळी गाडी हळूहळू काट्यावर नेली, जणू हळू नेली तर कमी भरेल. एक हजार चाळीस.

आत्यानं मागं जाऊन डिकी उघडली. आत तीन गिअरबॉक्स, वर्तमानपत्रात गुंडाळलेले चार पितळी हॉर्न, एक अख्खा रेडिएटर आणि वर चादर घातलेली.

"घरी सांगितलंय की सुटे भाग आणणं बंद केलंय," हौशीसाहेब खालच्या आवाजात म्हणाले. "आणतो आणि इथंच ठेवतो. बायको गाडीत बसते, डिकी उघडत नाही."

"एकशे चाळीस किलो, तेही शेपटीत," आत्या म्हणाली. "मी कागदावर विश्वास ठेवून ही चढवली असती, तर पुढच्या उतारावर तुमची गाडी मला ओव्हरटेक करून गेली असती. आणि तेव्हाही नाव माझंच झालं असतं."

हौशीसाहेबांनी चादर परत सुट्या भागांवर ओढली. मग असे हसले की त्यांना गाडीच्या छताला धरावं लागलं. "सगळ्याच्या सगळ्या नऊ," ते म्हणाले. "नवांच्याही डिक्या तुम्हीच उघडा. फक्त आमच्या घरासमोर नको."

माझ्या वडिलांनी मापाची फीत गुंडाळून खिशात ठेवली. ते आत्याजवळ आले, काहीतरी बोलणार होते. आत्यानं त्यांच्या हातात एक गिअरबॉक्स दिला.

"हा जीपमध्ये ठेव. पुढं, ह्यांच्या पायाशी. मागं नको हं."

वडिलांनी तो उचलला, वाकले आणि नेला. त्यांच्या मागून भावजी रेडिएटर घेऊन निघाले, शर्ट उघडाच. मावश्यांनी एकेक हॉर्न घेतला आणि जीपपर्यंत जाताना वाजवून बघितला. आतोबा पुढच्या सीटवर बसले आणि त्यांचे पाय हळूहळू दिसेनासे झाले.

आत्यानं निळी गाडी दोर गुंडाळणाऱ्या विंचनं ओढून वर घेतली, इंजिन पुढं. चारही चाकांवरून पट्टे टाकले, एकेक आवळला, हातानं झटका देऊन बघितला, परत आवळला. खटका बसवला, खाली वाकून बोटं घालून चाचपला. दोन्ही साखळ्या नाकाखालून एकमेकींना छेद देऊन अडकवल्या. बंपर मोजला, तीन बोटं.

"ए, चौदा जण! वाटेत उभे राहू नका, चालत घरी जा. दुपारनंतर दुसरी गाडी आणायचीय," ती ओरडली आणि जीपमध्ये चढली. "अहो, मागचे दिवे?"

"लागतायत," गिअरबॉक्सांच्या मागून आतोबांचा आवाज आला.

"उतरून बघून सांगा."

आतोबा उतरले, मागं गेले, बघून आले. आत्यानं गिअर टाकला आणि वळणावर ट्रेलरचं शेपूट भिंतीला लागू नये म्हणून मान बाहेर काढून जीप बाहेर काढली.